मूळ वापरात असलेले स्वयंपाकघर

३ मार्च, सोमवार

डायरी लिहिण्याची मला सवय नाही. पण इतिहास घडत असताना कोणीतरी तो टिपून ठेवायला हवा, आणि आमच्या चौकात ते काम करण्याजोगा माणूस मी सोडून दुसरा दिसत नाही. हा अहंकार नाही. मी एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला.

तर गोष्ट अशी. चौकाच्या दक्षिण बाजूची घरांची ओळ पाडून तिथे काचेची इमारत उभी करायचे घाटते आहे. ती वाचवायची तर एकच मार्ग आहे, चारही बाजूंच्या ओळींना मिळून वारसा दर्जा मिळवायचा. नगरपालिकेने नागरिकांकडून अर्ज मागवला आहे. अर्जदार अर्थातच मी. जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढले, निवृत्त झाल्यापासून टेप नुसताच खुंटीला लटकला होता. तो आज खाली काढला.

आमची घरे एकोणिसाव्या शतकातली. दोन घरांत एक भिंत, अशी खांद्याला खांदा लावून बागेभोवती चारही बाजूंनी उभी आहेत. प्रत्येक घर रुंदीला चिमूटभर आणि उंचीला ढीगभर. तळघरात स्वयंपाकघर, रस्त्याच्या पातळीला जेवणाची खोली, तिच्यावर दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या. बाकीच्यांनी आपापली स्वयंपाकघरे कधीच वर आणली आणि तळघरांत सायकली नाहीतर भाडेकरू भरले. आमच्या घरात मात्र सगळे जसेच्या तसे आहे. आजोबांनी बदलले नाही, वडिलांनी बदलले नाही, आणि मी तर नाहीच नाही.

हिला बातमी सांगितली. ही चहाचा ट्रे घेऊन नुकतीच वर आली होती, धाप लागली होती. म्हणाली, "म्हणजे मग घरात काहीच बदलता येणार नाही?"

मी म्हणालो, "काहीच नाही! भिंतीत खिळासुद्धा ठोकता येणार नाही!"

ती खुर्चीच्या पाठीला धरून बराच वेळ उभी राहिली. मग ट्रे तिथेच ठेवून खाली गेली. काही माणसांना आनंद व्यक्त करता येत नाही.

६ मार्च, गुरुवार

आज जिना मोजला. काय जिना आहे! लाकूड मूळचे, कठडा मूळचा, पायऱ्यांची झीजसुद्धा मूळची. पायरीची झीज नेमकी घ्यायची तर जिन्यावर आडवे व्हावे लागते, म्हणून सकाळभर मी आडवा होतो. त्या काळात ही माझ्या अंगावरून चहा, नाश्ता, माझी औषधे आणि धुतलेले कपडे घेऊन वर गेली आणि रिकाम्या हाताने खाली आली. एकदा म्हणाली, "जरा पाय आवरा." मी म्हणालो, "माप चुकेल." तिने पाय उचलून पुढे टाकला. वय झाले तरी चपळ आहे.

एक गोष्ट मात्र पाहून फार बरे वाटले. हिलाही आता या घराच्या सौंदर्याची जाण येऊ लागली आहे. जिन्याच्या वळणावर ती हल्ली प्रत्येक वेळी थांबते आणि कठडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून उभी राहते. मी हाक मारली तरी लगेच उत्तर देत नाही. इतकी तल्लीन होते.

९ मार्च, रविवार

लेक आली होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्ट असलेल्या इमारतीत राहते, त्यामुळे इतिहासाशी तिचा संबंध सुटला आहे. आल्या आल्या तिने विषय काढला की दिवाणखान्यामागच्या छोट्या खोलीत स्वयंपाकघर करा, आईला एका मजल्यावर सगळे मिळेल.

मी तिला शांतपणे समजावले की एकोणिसाव्या शतकातल्या घराचे मर्म त्याच्या मांडणीत असते. स्वयंपाकघर तळाशी, पाहुणे वर. तीच काढली तर उरते काय? विटा.

"आणि आईचे गुडघे कुठल्या शतकातले आहेत, बाबा?"

मी म्हणालो, आईच्या आईचेही गुडघे असेच होते, म्हणजे तोही एक प्रकारचा वारसाच. या विनोदावर मी एकटाच हसलो. मायलेकी एकमेकींकडे बघत होत्या. मग दोघी खाली गेल्या आणि चहा यायला आज कधी नव्हे एवढा उशीर झाला. आला तेव्हा गार होता.

१४ मार्च, शुक्रवार

प्रत्येक चळवळीला शत्रू लागतो. आमचा शत्रू भिंतीपलीकडे राहतो.

शेजारच्या घरात दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी दर्शनी भिंतीवर भला थोरला दात लावला आहे, आतून विजेचा. संध्याकाळी तो उजळला की आमच्या ओळीची कमानदार दारे, लोखंडी जाळ्या, खिडक्यांवरची नक्षी, सगळे त्या दाढेच्या प्रकाशात न्हाऊन निघते. मी गेल्या वर्षी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "काका, तुमच्याकडे येणाऱ्यांनाही घर सापडतं की नाही?" तेव्हापासून आमचे बोलणे बेताचे आहे. वारसा दर्जा मिळाला की पहिल्यांदा तो दात उपटला जाणार, हे त्यांना कळत नसेल असे नाही.

कळलेली गंमत अशी की ही बाजारातून येताना रोज त्यांच्या दवाखान्यात बसते. दवाखाना रस्त्याच्या पातळीला आहे, बाक गुबगुबीत आहे. आधी मला राग आला. मग लक्षात आले की ही तर आयतीच सोय झाली. तिला म्हणालो, "बसतेस तर बस, पण कान उघडे ठेव. त्यांच्या मनात काय चाललंय ते कळलं पाहिजे."

ती म्हणाली, "बरं."

तेव्हापासून ती सकाळीही जाते. एवढी कर्तव्यदक्ष असेल असे वाटले नव्हते.

१९ मार्च, बुधवार

आजचा दिवस अर्जाला नवे पान जोडणारा! दिवाणखान्यात शेकोटीच्या बाजूला पितळी मूठ आहे. ती ओढली की भिंतीतल्या तारेने तळघरात घंटा वाजत असे. माझ्या लहानपणापासून ती मुकी होती. तीन दिवस तार शोधली, तेल घातले, गंज खरवडला. आज मूठ ओढली आणि खाली खणखणीत आवाज झाला! अंगावर काटा आला.

थोड्या वेळाने ही वर आली. पिठाचे हात, कपाळावर घाम.

"काय हवंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "घंटा वाजते का बघत होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. एकोणिसाव्या शतकातला आवाज प्रथमच कानावर पडल्यावर दुसरे काय होणार? मी आणखी दोनदा वाजवून दाखवली.

२० मार्च, गुरुवार

घंटा बंद. तळघरातल्या टोकाला तार तुटली आहे. उंदीर असावा, पण तार फार साफ तुटली आहे, कात्रीने कापावी तशी. असले दात कोणत्या उंदराला असतात? दातांचा विषय निघाला की माझा संशय आपोआप भिंतीपलीकडे जातो. हिला विचारले, डॉक्टर खाली आले होते का? म्हणाली, "नाही हो, उंदीरच असेल." आणि भाजी चिरू लागली.

२७ मार्च, गुरुवार

वारसा समितीच्या तज्ज्ञ बाई येऊन गेल्या. जुन्या इमारतींवर त्यांचा अभ्यास दांडगा आहे. चारही ओळी फिरल्या, प्रत्येक दारापुढे थांबल्या, सुस्कारे टाकले. कुणी खिडक्या बदलल्या, कुणी कठडे काढले, आणि शेजारच्या दातापुढे तर त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आमच्या घरात आल्या आणि बाईंचा चेहरा खुलला. तळघरात उतरून चुलीची कमान पाहिली, दगडी फरशी पाहिली, आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघर अजून इथंच चालतं? रोज?"

"रोज!" मी म्हणालो. "मूळ जागी, मूळ वापरात. अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे."

"चौकात हे एकच घर तसं राहिलंय. दर्शनी भिंती पुष्कळ ठिकाणी उरतात हो, पण आतलं राहणं उरत नाही. इथं कळतं, माणसं त्या काळी कशी राहत होती." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या काळी अशा घराला नोकर किती लागत?"

हा माझा आवडता भाग. मी सांगितले: स्वयंपाकाला एक बाई, वर ट्रे नेणारी दुसरी, कोळसा वाहणारा एक, कपड्यांची वेगळी, आणि वर यांच्यावर नजर ठेवायला एक.

"आणि आता?"

"आता कुणी नाही," मी म्हणालो. "आम्ही साधेपणानं राहतो."

बाईंनी हिच्याकडे पाहिले. "तुम्ही दिवसातून किती वेळा वरखाली करता?"

ही म्हणाली, "मोजायचं काम ह्यांचं."

मी मनापासून हसलो. बाई हसल्या नाहीत, अभ्यासू माणसे अशीच असतात. मग मी त्यांना छपराकडे न्यायला निघालो तर म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे. दोघी तळघरात कितीतरी वेळ बोलत बसल्या. मी छपरावर वाऱ्यात उभा. खाली आल्यावर कळले, ही त्यांना सुनावणी कुठे असते, कुणाला बोलता येते, आधी काय कळवावे लागते असे विचारत होती. माझे भाषण ऐकायला यायची तिला एवढी हौस आहे हे मला माहीतच नव्हते.

४ एप्रिल, शुक्रवार

घात झाला. पुढच्या शुक्रवारी सुनावणी, आणि अर्जाला एक आक्षेप आला आहे! चौकातल्याच रहिवाशाकडून! कार्यालयातल्या कारकुनाला नाव विचारले तर म्हणतो, सुनावणीत कळेल. आणि वर माझ्याकडे असा काही बघतो की जणू माझ्याच घरात कुणी वारले आहे.

नाव सांगायला कशाला हवे? तडक शेजारी गेलो. सरळ विचारले तर माणूस सावध होतो, म्हणून दात दाखवायला आलो आहे असे म्हणालो. हा डाव चुकला. खुर्चीत आडवा झालो आणि प्रश्न विचारायच्या आत त्यांनी तोंडात आरसा, नळी आणि बोटे घातली.

"आऽ आऽ ओऽ आ?" मी विचारले. म्हणजे, आक्षेप कुणी घेतला?

डॉक्टरांना कसे कळले कोण जाणे. जबड्यांशी बोलायची सवय असेल. म्हणाले, "काका, मी कशाला आक्षेप घेऊ? दर्जा मिळाला तर आमच्याही भिंतीची दुरुस्ती होईल. दात मी काढून दारात छोटी पाटी लावीन, तज्ज्ञ बाईंना तसं सांगितलंय." मग हात थांबवून म्हणाले, "तुम्ही एकदा घरात विचारा ना."

घरात काय विचारायचे? घरात आम्ही दोघेच. ही शुद्ध टोलवाटोलवी. वर त्यांनी माझ्या दाढेला कीड आहे असे सांगितले आणि ती खरोखर निघाली. संध्याकाळपासून अर्धे तोंड बधिर आहे.

१० एप्रिल, गुरुवार

उद्या सुनावणी. भाषण तयार आहे. आक्षेपाला द्यायचे उत्तर तर असे जबरदस्त झाले आहे की डॉक्टरांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हिच्यापुढे म्हणून दाखवले. "ज्याला हे घर ओझं वाटतं, त्याने या चौकात राहूच नये!" या वाक्याला मी टेबलावर मूठ आपटतो. ती दचकली. मी म्हणालो, "कसं वाटलं?"

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पाठ आहे ना तुमचं? मग झोपा लवकर."

तीही उद्याच्या तयारीत आहे. चांगले कपडे इस्त्री करून ठेवलेत. दुपारी मी पाणी मागायला जिन्यापर्यंत गेलो तर तळघरातून तिची पुटपुट ऐकू येत होती, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून. माझेच भाषण पाठ करत असावी.  एवढी वर्षे संसार केला, पण ही माझ्या कामात इतकी गुंतेल असे स्वप्नातही वाटले नव्हते.

११ एप्रिल, शुक्रवार

आजचे आजच लिहिले पाहिजे.

सभागृह भरले होते. लेक मागच्या रांगेत, डॉक्टर पलीकडे, ही माझ्या शेजारी. माझे भाषण चांगले झाले. विटा, कमानी, जिना, आणि शेवटी तळघर. "आजही, या क्षणापर्यंत, मूळ वापरात असलेले स्वयंपाकघर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष म्हणाले, "आता आक्षेप घेणाऱ्यांनी उभं राहावं."

मी मान वळवून डॉक्टरांकडे रोखून पाहिले. ते छताकडे बघत होते. तेवढ्यात ही माझ्या कानाशी म्हणाली, "जरा धरा." आणि आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवून उठून उभी राहिली.

मला वाटले, बाहेर जायचे असेल. मी पाय आवरले.

ती समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून बोलली. आवाज आधी कापत होता, मग कापेनासा झाला. जेवढे आठवते तेवढे लिहितो.

"मला भाषण करता येत नाही. घर मलाही आवडतं. पडू नये, दुसऱ्या कुणाचंही पडू नये. पण अर्जात लिहिलंय की स्वयंपाकघर मूळ वापरात आहे. ते खरं आहे. तो वापर म्हणजे मी. ह्यांनी आत्ता सांगितलं ना, त्या काळी किती माणसं लागायची. ती सगळी मीच आहे. आता मला होत नाही. जिन्यात डोळ्यापुढे अंधारी येते. तुम्ही दर्जा दिलात की तो वापर असाच राहील, आणि एक दिवस मी तिथंच पडेन. बाहेरून घराला हात लावू नका. पण आतून मला एका मजल्यावर जगू द्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "अर्जदारांना उत्तर द्यायचं आहे?"

उत्तर खिशात होते. मूठ कुठे आपटायची तेही ठरले होते. पण हातात पर्स होती. मी उभा राहिलो आणि भर सभेत, अध्यक्षांकडे न बघता, हिला विचारले, "अगं, हे तू घरी का नाही बोललीस?"

"बोलले की," ती म्हणाली. "तुम्ही मोजत होतात."

सगळे सभागृह हसले. लेक हसता हसता रडत होती. मला राग यायला हवा होता, आला नाही, नुसती भीती वाटली. तिथंच पडेन, हे ती किती सहज म्हणाली होती! मी अध्यक्षांना म्हणालो की आक्षेप बरोबर आहे, आतला भाग अर्जातून वगळावा, पहिले पान मी मागे घेतो. मग खाली बसलो. पर्स परत द्यायची राहिली, ती घरापर्यंत मीच आणली.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी हिला वरच थांबायला सांगून मी तळघरात गेलो. चहाची पूड कुठे असते हे शोधण्यातच बराच वेळ गेला. आमच्या स्वयंपाकघराचा मी कोपरान् कोपरा मोजला आहे, पण एकही डबा उघडलेला नाही, हे आज कळले.

ट्रे घेऊन निघालो. जेवणाच्या खोलीपर्यंत ठीक होते. जिन्याच्या वळणावर कप किणकिणायला लागले, छाती धडधडायला लागली. ट्रे पायरीवर ठेवला आणि कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. डोळे आपोआप मिटले.

तल्लीन वगैरे काही नव्हते ते. मला माझी इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. वर पोहोचलो तेव्हा चहा अर्धा बशीत होता. ती म्हणाली, "साखर?" मी पुन्हा खाली गेलो.

१६ मे, शुक्रवार

निकाल लागला. चारही ओळींच्या दर्शनी भिंतींना, छपरांना आणि बागेला दर्जा मिळाला. दक्षिणेची ओळ वाचली! आमच्या घराबद्दल तज्ज्ञ बाईंनी वेगळे लिहिले: तळघर जपावे, पण रोजचे राहणे रहिवाशांच्या सोयीने बदलू द्यावे, कारण ही घरे राहण्यासाठीच बांधली होती. चौकात माझे अभिनंदन झाले. हिचे जास्त झाले. डॉक्टरांनी दात उतरवला, तो त्यांच्या माळ्यावर मावेना, म्हणून तूर्त आमच्या तळघरात आहे.

८ जून, रविवार

दिवाणखान्यामागच्या खोलीत ओटा, नळ, सगळे झाले. सुतार आणि नळवाला काम करत असताना मी छताच्या नक्षीखाली पहारा देत उभा होतो, त्यांना त्याचा फार जाच झाला असे लेक म्हणते. नक्षीचा टवकाही उडाला नाही.

आज हिने तिथे पहिला चहा केला आणि दोन कप घेऊन दिवाणखान्यात आली. चार पावले. कप ठेवले आणि सवयीने वळून जायला निघाली, मग तिलाच हसू आले, कारण खाली जायचे आता काही कारणच नव्हते. तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "समोरची सगळी घरं आपल्यासारखीच आहेत, नाही? एका रेषेत. किती छान दिसतात!"

मला वाटले चेष्टा करते आहे. "अगं, इतकी वर्षं या खोलीत येतेस—"

"यायचे ट्रे ठेवायला. काचा पुसायला यायचे, तेव्हा काचा बघायचे. बसले कधी?"

 या चौकाचे महत्त्व मी सगळ्या शहराला पटवून दिले, आणि माझ्या घरातल्या माणसाला तो आज दिसला.

ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "सांगा ना. कुणी बांधली ही? आणि अशी एकाला एक लावून का बांधली?"

आजवर या विषयावर मला आपणहून कोणी प्रश्न विचारला नव्हता. मी घसा साफ केला, तोंड उघडले, आणि मला एक अक्षर आठवेना. ती थांबली होती, म्हणून मीही खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.